वेल्डिंग रॉडच्या पुठ्ठ्यावरचं शेवटचं प्रकरण

मी आयुष्यभर माणसांना पान्हे दिले आणि परत घेतले. गावात कोणी विचारलं, "सौदीत काय करायचात हो?" की मी सांगतो, "खिडकीत बसायचो." लोकांना वाटतं म्हातारा थट्टा करतोय. पण खरोखरच मी खिडकीत बसायचो. राबिघच्या रिफायनरीजवळ एका कंत्राटदार कंपनीचं टूल स्टोअर माझ्याकडे होतं. टूल स्टोअर म्हणजे एक लांबलचक कंटेनर, आत मांडण्या, मांडण्यांवर पान्हे, ग्राइंडर, चेनब्लॉक, आणि पुढे एक खिडकी. त्या खिडकीत मी. मला सगळे 'स्टोअरभाई' म्हणायचे. माझं खरं नाव बहुधा फक्त इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, आणि बायकोच्या तोंडात उरलं होतं.

ह्या धंद्याची रीत सोपी आहे. प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबराचे पितळी बिल्ले असतात. हत्यार पाहिजे तर बिल्ला द्यायचा, तो मी हत्याराच्या जागी खिळ्याला टांगायचो. हत्यार आलं की बिल्ला परत. माणूस कायमचा गावी निघाला की सगळे बिल्ले जमा केल्याशिवाय मी सही करत नसे, आणि माझ्या सहीशिवाय त्याचं विमान उडत नसे. साहेबलोक मोठे असतील, पण जाणारा प्रत्येक माणूस शेवटी माझ्या खिडकीतून वाकून जायचा. थोडी ऐट होती, कशाला लपवू?

अशाच कुणी जाणाऱ्याने एकदा मराठी पुस्तकांची पिशवी माझ्याकडे सोडली. बॅगेचं वजन जास्त झालं होतं. बायकोसाठी घेतलेली इस्त्री ठेवायची की पुस्तकं, असा पेच पडला आणि इस्त्री जिंकली. मी ती पुस्तकं चेनब्लॉकच्या बाजूच्या फळीवर लावली आणि बिल्ल्यावर द्यायला सुरुवात केली. मग ज्याला त्याला ठाऊक झालं, आणि सुट्टीवरून येणारा प्रत्येक कोकणी गडी कोकम-सुक्या बोंबलांबरोबर एखादं पुस्तक आणायला लागला. पुस्तकांना बोंबलाचा वास यायचा. त्याबद्दल तक्रार कुणी केली नाही.

नियम म्हणजे नियम. सुभाष नावाचा एक माणगावचा वेल्डर कायमचा गावी निघाला. टॅक्सी गेटवर उभी, आणि ह्याच्या नावावर एक कादंबरी बाकी. म्हटलं, "पुस्तक दे, सही घे." तर म्हणतो, "भाई, थोडंच राहिलंय हो." आणि खिडकीखाली स्वतःच्या पेटीवर बसून वाचायला लागला! तिकडे टॅक्सीवाला पठाण हॉर्न देतोय, "यल्ला यल्ला" ओरडतोय, इकडे हा पानं उलटतोय. शेवटी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि डोळे पुसत म्हणाला, "खलास. मेली ती." गेटवर सगळ्यांना वाटलं, सुभाष आपल्याला सोडून जाताना रडला. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

पुस्तकांपेक्षाही आमच्या लोकांना रस असायचा तो लिहिणाऱ्यांत. कोण हा माणूस? घर कुठे? बायकोशी पटतं का? ह्या बाबतीत आमचे तज्ज्ञ म्हणजे कासिमचाचा. श्रीवर्धनकडचे गवंडी, कॅम्पात सगळ्यांत जुने, दाढी मेंदीने लाल. ते स्वतः एक पान वाचत नसत, ऐकत मात्र सगळं. एका लेखकाच्या प्रत्येक कादंबरीत कुणी ना कुणी श्रीखंड खायचं. चाचांनी जाहीर केलं, "हा साखरेचा पेशंट. घरात मिळत नाय, म्हणून पुस्तकात खातो." दुसऱ्या एकाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर खून पडायचा. त्याच्याबद्दल चाचा म्हणाले, "हा बायकोपुढे तोंड उघडत नसणार." खरंखोटं अल्ला जाणे. पण पुढचं पुस्तक ऐकताना आम्हाला तो बिचारा लेखक घरात कोपऱ्यात बसलेला दिसायचा.

आता मुख्य गोष्टीवर येतो. प्रमिला जयगडकर ह्या बाईंचं 'भरतीचा निरोप' हे पुस्तक आमच्याकडे आलं. मोठं नावाजलेलं पुस्तक, बक्षिसं मिळालेलं, कॉलेजात शिकवलं जाणारं. बाईंबद्दल आम्हाला एवढंच कळलं होतं की समुद्रकाठच्या घरात एकट्या राहतात, मुलाखती देत नाहीत, आणि कुणीतरी त्यांचा एक स्वल्पविराम हलवला म्हणून त्यांनी प्रकाशक बदलला होता. गोष्ट एका तांडेलाच्या घरची. नवरा, भिकाजी, परदेशी जहाजावर जातो, बायको चंद्रा मागे राहते. तो गेल्यापासून ती रोज संध्याकाळी दारातल्या पायरीवर पाण्याचा भरलेला तांब्या ठेवते. चाचांनी पहिल्या दोन प्रकरणांतच निकाल दिला, "ही बाई नाय. हा बाप्या आहे. नांगराचा दोर कसा बांधतात ते बाईला काय माहीत?"

वाचन शुक्रवारी व्हायचं. जुम्म्याची नमाज आणि जेवण झालं की मोठ्या खोलीत सगळे जमायचे. कुणी बनियन पिळतोय, कुणी केस कापून घेतोय, कुणी उद्याच्या भाजीचा कांदा आजच सोलतोय, आणि मधल्या खाटेवर बसून दत्ताराम वाचतोय. दत्ताराम गुहागरकडचा, परांच्या बांधणारा. सातव्या मजल्याएवढ्या उंचीवर आडव्या नळीवरून मांजरासारखा चालायचा, पण एरवी इतका मुखदुर्बळ की पगारवाढ मागायला गेला आणि साहेबाला ईद मुबारक करून परत आला. पुस्तक हातात आलं की मात्र गड्याचा आवाज बदलायचा. चंद्रा बोलली की आम्हाला चंद्रा दिसायची. कॅम्पात त्याला जी काही इज्जत होती ती ह्या आवाजाची.

आता तिकडचा उन्हाळा. माझ्या कंटेनरचा एसी ईदच्या सुट्टीत बंद पडला. पुस्तकाच्या पाठीला जो सरस लावलेला असतो तो अशा उकाड्यात वितळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. सुट्टीवरून येऊन दार उघडलं तर निम्म्या पुस्तकांची पानं जमिनीवर, आणि बरीचशी माझ्याआधी दुसऱ्या किल्लीने झाडायला आलेल्या झाडूवाल्याने भरून कचऱ्यात टाकलेली. 'भरतीचा निरोप'चं शेवटचं प्रकरण त्यातच गेलं. राहिलेल्या पानांना मी ड्रिलने भोकं पाडली, तार ओवली, आणि मागे वेल्डिंग रॉडच्या खोक्याचा पुठ्ठा लावून दिला. दत्तारामला सांगितलं, "बाबा रे, शेवट गेला. सगळ्यांना सांगून टाक."

"बघतो," तो म्हणाला.

त्या शुक्रवारी खोली भरलेली होती. भिकाजीची पत्रं बंद होऊन पुष्कळ काळ लोटलेला, पायरीवर तांब्या तसाच. चाचा म्हणाले, "आज त्याला घरी आणलं पाहिजे हां." त्या वर्षी कंपनीने कामाच्या घाईत पुष्कळांच्या सुट्ट्या रद्द केल्या होत्या, चाचांची सुद्धा. दत्ताराम वाचत राहिला. मी बाजूलाच बसलो होतो. छापलेलं शेवटचं पान आलं, त्याने ते उलटलं, समोर माझा पुठ्ठा. आता सांगेल, मग सांगेल, म्हणून मी वाट बघतोय. पण गडी थांबलाच नाही! वेल्डिंग रॉडच्या खोक्यावर नजर लावून वाचत राहिला. भिकाजी बंदरावर उतरला. अंधार पडता पडता घरी पोचला. स्वतःच्याच घराचं दार वाजवायचं की नाही, ह्या विचारात पायरीवर उभा राहिला. आत चंद्रा भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही, नुसती म्हणाली, "पाय धुऊन या."

संपलं. कांदा सोलणाऱ्याला डोळे पुसायला निमित्त होतं, बाकीच्यांना तेही नव्हतं. चाचा उठले, दत्तारामच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई असो का बाप्या, लिहिणाऱ्याला दुवा आहे माझी."

त्यानंतर कोण सांगणार की तो शेवट पुस्तकात नाही? मी पुस्तकाला 'रिपेअर' असं लेबल बांधलं. स्टोअरमध्ये रिपेअरचं लेबल असलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. आणि कॅम्पात एक रीतच पडून गेली. सुट्टीवर जाणाऱ्यांची बस सुटली की मागून सगळे ओरडायचे, "पाय धुऊन जा रे घरात!" हिंदू असो, मुसलमान असो, जाणारा हसत हसत हात हलवायचा आणि मग बसच्या पलीकडच्या खिडकीकडे तोंड फिरवायचा. नवीन आलेला केरळी ड्रायव्हर सुद्धा अर्थ न कळता ओरडायला शिकला.

अशी काही वर्षं सुखात गेली. मग एक दिवस आमच्याकडे नवीन इंजिनिअर साहेब आले, आडनाव जयगडकर. खिडकीशी आले तेव्हा मी सहज म्हटलं, "साहेब, तुमच्या आडनावाच्या एक मोठ्या लेखिका आहेत."

"माझी आई," साहेब म्हणाले. "येतेय ती थंडीत. नात इंग्लिशमध्येच उत्तरं देते म्हणून फोनवर रोज भांडण चालतं. आता समोरासमोर भांडायला येतेय."

ही बातमी मी पोटात ठेवायला हवी होती. पण बाजूलाच चाचा उभे होते. संध्याकाळपर्यंत कॅम्प बॉसची परवानगी निघाली, मेसमध्ये शुक्रवारी बाईंचा सत्कार ठरला, आणि दत्ताराम माझ्या खिडकीवर आला. तोंड पांढरंफटक.

"भाई, मला जिझानच्या साइटवर पाठवायला सांगा."

"जिझानला काम नाही आपलं."

"मग कुठेही पाठवा. बाई एका स्वल्पविरामासाठी भांडणारी, मी तर तिचा अख्खा नवरा जिवंत केलाय! ह्या लोकांना कळलं ना, की मी पुठ्ठा वाचून दाखवला, तर पुन्हा माझ्या तोंडचं एक अक्षर कोणी खरं मानणार नाही. आणि चाचांना काय सांगू? दर नमाजीला दुवा करतात हो त्या लिहिणाऱ्यासाठी."

मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार? खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. त्याची इज्जत जाणार ते तर होतंच, पण तो शेवटही जाणार होता, आणि तो आता आम्हा सगळ्यांचा होता.

शुक्रवार आला. मेसमध्ये टेबलं बाजूला सारलेली, अत्तरं फवारलेली. बाई आल्या. अंगाने एवढ्याशा, नऊवार नाही की काही नाही, साधी कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी आणि चेहरा हेडमास्तरणीचा. त्या दारातून आत येतात न येतात तोच सगळी मेस एका आवाजात ओरडली, "पाय धुऊन या, बाई!"

बाईंनी आपल्या बुटांकडे बघितलं. "का हो? घाण आहेत का?"

हशाच हशा. चाचा पुढे झाले. "बाई, तुमचंच वाक्य तुम्हाला! भिकाजी घरी येतो, पायरीवर उभा राहतो, आणि चंद्रा म्हणते ना."

"चंद्रा म्हणते?" बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मुलाकडे बघितलं, साहेबांनी छताकडे. बाईंनी मग सगळ्या मेसवरून नजर फिरवली. "तुमच्यात वाचून कोण दाखवतं?"

शंभर बोटं दत्तारामकडे. बाईंनी पिशवीतून स्वतःचं 'भरतीचा निरोप' काढलं, कोरं करकरीत, शेवटचं प्रकरण उघडलं आणि टेबलावर ठेवलं. "वाचा बरं. ऐकू द्या मला."

दत्ताराम त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो शेवट त्याच्यासमोर छापलेला होता. मी पाठीमागेच होतो, मला पान दिसत होतं. पहिल्याच ओळीत तार आली होती. भिकाजी समुद्रात बुडाला होता. दत्तारामने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चाचांकडे. चाचा डोळे मिटून, मान किंचित वर करून तयार बसले होते.

आणि त्याने सुरुवात केली. भिकाजी बंदरावर उतरला.

बाईंनी चष्मा चढवला. त्यांचं बोट ओळीवर होतं ते तिथेच थांबलं. त्यांनी मान वर केली. आता हात आपटतील, आता पुस्तक ओढून घेतील. पण त्या समोर बघत होत्या. समोर चाचांचे ओठ दत्तारामबरोबर हलत होते. चाचांचेच नाही, कितीतरी जणांचे.

दत्ताराम बोलत राहिला, पण पान उलटायचं विसरूनच गेला. कुठल्याही छापील पानात मावणार नाही एवढं बोलून झालं तरी पान तेच! मागून कोणीतरी म्हणालंही, "अरे पान उलट की!" तेव्हा बाईंनी हात पुढे केला आणि शांतपणे पान उलटलं. थोड्या वेळाने पुन्हा एक. जिथे उलटायला पाहिजे तिथे, बरोबर. भिकाजी पायरीवर येऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी शेवटचं पान उलटलं, आणि सगळी मेस एकदम म्हणाली, "पाय धुऊन या."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "बरोबर वाचलंत." एवढंच. टाळ्या काय, शिट्ट्या काय! कॅम्प बॉस धावत आला, काय पेटलं की काय म्हणून.

सत्कार उरकल्यावर बाई स्टोअर बघायच्या निमित्ताने आमच्याबरोबर आल्या. दार लोटलं आणि हेडमास्तरीण जागी झाली. "दत्ताराम, माझ्या भिकाजीला टोपी का घातलीत? तो टोपी घालत नाही. पहिल्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय मी."

"बाई, चुकलो. इथे ऊन लागतं ना, म्हणून घातली."

"आणि बुडालेल्या माणसाला परत आणायचं, हे कुठून सुचलं?"

मी तारेने बांधलेली आमची प्रत खाली काढली आणि घडलं ते सगळं सांगितलं. बाईंनी मागचा पुठ्ठा वाचला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, कोरड्या जागी ठेवा. त्या पहिल्यांदा हसल्या. मग स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझे वडील होते ते. जहाजावर गेले ते गेले. आई रोज तांब्या ठेवायची, आई गेल्यावर मी ठेवते. त्यांना परत आणून बघायला हा शेवट मी कितीदा लिहिला, सांगू? पायरीपर्यंत यायचे हो ते. पण आई काय म्हणेल, ते मला सुचायचं नाही. काहीही लिहिलं तरी खोटं वाटायचं. शेवटी तार आली ती लिहून मोकळी झाले." त्या दत्तारामकडे वळल्या. "तुम्हाला कसं सुचलं?"

दत्ताराम खाली बघत म्हणाला, "सुचलं नाही, बाई. माझी आई म्हणते. दर सुट्टीला. दोन-दोन वर्षांनी घरी जातो, वाटतं आता गळ्यात पडेल. पण ती चुलीपुढून उठत नाही. बोलते, आधी पाय धू."

बाईंना रडू आलं. उघड रडल्या, काही लपवलं नाही. आम्ही दोघे चेनब्लॉककडे बघत उभे राहिलो, ते काही पहिल्यांदा बघत नव्हतो.

मग त्यांनी डोळे पुसले, पिशवीतली स्वतःची प्रत काढली आणि मला विचारलं, "ही तुमच्या फळीला दिली तर चालेल?" मी म्हटलं, चालेल काय बाई, धावेल. पण लगेच आठवलं, ह्या प्रतीत तर तार होती. बाईंनी माझ्याकडे बघितलं. शेवटचं प्रकरण दोन बोटांत धरलं आणि चर्रकन फाडून काढलं! स्वल्पविरामासाठी प्रकाशक सोडणारी बाई! पानांची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "इथल्या उकाड्यात सरस सुटतो ना? मग हा शेवटही सुटला म्हणा."

गेटवर चाचा निरोपाला उभे होते. त्यांना राहवलं नाही. "बाई, माफ करा, मी तुम्हाला बाप्या समजत होतो. तो दोर बांधायचा प्रकार वाचून."

"निम्मं बरोबर आहे, चाचा. तो दोर वडिलांनी शिकवला." गाडीत बसताना मागून सगळे ओरडलेच, नेहमीप्रमाणे. बाईंनी काच खाली केली. "धुते हो! तांब्या भरलेलाच असतो!"

नव्या प्रतीला मी वेल्डिंग रॉडच्या खोक्याचा नवा पुठ्ठा लावला आणि तिला रिपेअरचं लेबल बांधलं नाही. आता ते पुस्तक कुणालाही मिळतं; शेवटाचं कुणी विचारलं तर सांगायचं, उकाड्यात सरस सुटला. मागाहून मीही माझा बिल्ला जमा करून आलो. चाचा आले, श्रीवर्धनला सुखात आहेत, आणि लिहिणारीसाठी अजून दुवा करतात. दत्ताराम तिकडेच आहे.

हे सगळं मी छापायला देतोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "त्या बिचाऱ्याचं बिंग फोडताय की!" मी तिला म्हटलं, काळजी करू नको. सुट्टीवरून जाताना कोणी ना कोणी हा अंक बोंबलाबरोबर तिकडे नेणारच. शुक्रवारी खोली भरेल, आणि तो वाचून दाखवायला दत्तारामच बसेल. माझ्या गोष्टीचा शेवट काय करायचा, ते तो बघून घेईल.